गोठलेल्या कोंबाची अमानत

हजरत यूसुफ (अलैहिस्सलाम) यांची कहाणी आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. मिसरच्या बादशहाला स्वप्न पडते, त्यात सात रोडक्या गायी सात धष्टपुष्ट गायींना खाऊन टाकतात. कैदेत असलेले यूसुफ त्याचा अर्थ सांगतात की, सात वर्षे भरपूर पिकेल आणि पुढची सात वर्षे दुष्काळाची असतील. पण ते अर्थ सांगून थांबत नाहीत, उपायही सांगतात. खाण्यापुरते धान्य काढून घ्यावे आणि बाकीचे कणसातच राहू द्यावे. शेतकऱ्याच्या नजरेने पाहिले तर हा सल्ला फार मोलाचा आहे. कणसातला दाणा टिकतो, त्याला कीड कमी लागते आणि दुष्काळ सरल्यावर तोच दाणा बियाणे म्हणून पेरता येतो. साठवण आणि पेरणी अशी दोन्ही कामे एकाच कोठारातून होतात.

आता कल्पना करा, मिसरचे लोक गव्हावर नव्हे, बटाट्यावर जगत असते तर? सात वर्षे सोडाच, सात महिनेही बटाटा घरात धड राहत नाही. त्याला मोड येतात, तो सुरकुततो, सडतो. जगात कोट्यवधी लोकांचे पोट भरणाऱ्या या पिकाचे वाण पिढ्यान्‌पिढ्या जपायचे कसे, हा प्रश्न माणसाला काही हजार वर्षांपासून सतावत आला आहे. त्याचे आजचे उत्तर ऐकायला विचित्र वाटते. बटाट्याच्या रोपाचा जेमतेम दोन मिलिमीटरचा शेंडा कापायचा, उणे १९६ अंश सेल्सिअस तापमानात गोठवायचा, हवी तितकी वर्षे ठेवायचा आणि गरज पडली की त्यातून पुन्हा अख्खे झाड उभे करायचे.

ही सोय प्रयोगशाळेत एका दिवसात झालेली नाही. तिच्यामागे डोंगरातले शेतकरी आहेत, एक भयंकर दुष्काळ आहे आणि उपाशी मेलेले शास्त्रज्ञही आहेत. या सगळ्या इतिहासात बटाट्याची थंडीशी तीनदा गाठ पडते. ती गोष्ट आज सांगायची आहे.

कलमाचा आंबा आणि बटाट्याचा डोळा

आधी मूळ अडचण समजून घेऊ. बटाट्याला बी येत नाही असे नाही. त्याला फुले येतात, छोट्या हिरव्या टोमॅटोसारखी फळे धरतात आणि त्यात बारीक बियाही असतात. पण त्या बिया पेरल्या तर मूळ वाण हाती येत नाही. प्रत्येक बीमधून वेगळाच बटाटा निघतो.

कोकणातल्या माणसाला हे वेगळे सांगायला नको. हापूसची कोय लावून हापूस मिळेलच याची खात्री नसते, त्यासाठी कलम बांधावे लागते. बटाट्याचेही तसेच आहे. शेतकरी बी पेरत नाही, बेणे लावतो. कंदाच्या डोळ्यातून कोंब फुटतो आणि त्यातून येणारे झाड हुबेहूब आईसारखे असते. म्हणजे बटाट्याचे एखादे वाण हे एका अर्थाने एकच झाड असते. ते कंदामागून कंद असे शेकडो वर्षे जगत राहते. एखाद्या वर्षी बेणे लावायचे राहिले किंवा सगळे कंद रोगाने गेले की ते वाण कायमचे संपते. त्यातले गुण बियांच्या रूपाने विखुरलेले राहू शकतील, पण ते वाण परत येणार नाही.

पहिली गाठ: अँडीजची थंडी

बटाट्याचे मूळ गाव दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतात आहे. आजच्या पेरू आणि बोलिव्हियाच्या सीमेवरील टिटिकाका सरोवराच्या परिसरात सुमारे सात-आठ हजार वर्षांपूर्वी माणसाने रानटी बटाटा लागवडीखाली आणला. तिथल्या शेतकऱ्यांनी बटाट्याची हजारो वाणे घडवली. त्यांत जांभळी, काळी, तांबडी, पिवळी, बोटासारखी लांब, गाठीगाठींची अशी नाना तऱ्हेची वाणे होती. एकाच शेतात अनेक वाणे मिसळून लावायची पद्धत होती. एकाला दवाने मारले तर दुसरे वाचायचे, दुसऱ्याला रोगाने गाठले तर तिसरे ताटात यायचे.

साठवणुकीसाठी या लोकांनी थंडीलाच कामाला लावले. जून-जुलै हे तिथले हिवाळ्याचे महिने. रात्री पाणी गोठते आणि दिवसा कडक ऊन पडते. बटाटे उघड्यावर पसरायचे, रात्री ते गोठू द्यायचे, दिवसा सैल पडले की पायांनी तुडवून पाणी काढायचे. असे काही दिवस केले की हलका, कोरडा, दगडासारखा टणक बटाटा तयार होतो. त्याला ‘चुन्यो’ म्हणतात. तो वर्षानुवर्षे टिकतो. इन्का राज्यकर्त्यांची सरकारी कोठारे अशा चुन्योने भरलेली असत. सैन्य त्यावर चाले आणि दुष्काळात प्रजाही त्यावर जगे.

चुन्यो हा यूसुफी कोठाराचा अँडीजमधला अवतार म्हणता येईल, पण फरक मोठा आहे. चुन्योने पोट भरते, मात्र त्याला कोंब फुटत नाही. कंदातल्या पाण्याचा बर्फ होतो, त्या बर्फाचे अणकुचीदार स्फटिक पेशींच्या भिंती फाडतात आणि जीव निघून जातो. म्हणून वाण टिकवायचे तर दरवर्षी जिवंत कंद जमिनीत लावण्याला पर्याय नव्हता. अँडीजच्या शेतकरी कुटुंबांनी, विशेषतः बेणे निवडणाऱ्या बायकांनी, हे काम हजारो वर्षे न चुकता केले. जगातली बटाट्याची पहिली ‘बँक’ त्यांचीच.

सेव्हिल ते आयर्लंड

सोळाव्या शतकात स्पॅनिश आक्रमकांनी इन्का साम्राज्य मोडले. त्यांचे लक्ष सोन्या-चांदीवर होते, पण त्यांच्या जहाजांतून बटाटाही युरोपात पोचला. मुख्य भूमीवरची त्याची एक जुनी नोंद स्पेनच्या सेव्हिल शहरातली आहे. १५७३ साली तिथल्या एका इस्पितळाच्या हिशेबात बटाट्याची खरेदी दिसते. हे तेच सेव्हिल, जिथे बाराव्या शतकात इब्न अल्-अव्वाम यांनी शेतीवर ‘किताब अल्-फिलाहा’ हा मोठा ग्रंथ लिहिला होता. बटाटा तिथे पोचला तेव्हा त्या शहरातली मुस्लीम राजवट जाऊन तीन शतके उलटली होती.

पुढे पोर्तुगीजांच्या हातून हा कंद आपल्याकडे आला आणि येताना नावही घेऊन आला. मराठीतला ‘बटाटा’ हा पोर्तुगीज ‘बटाटा’च आहे, आणि मुळात तो कॅरिबियन बेटांवरच्या लोकांचा रताळ्यासाठीचा शब्द. उर्दू-हिंदीतल्या ‘आलू’ची गंमत वेगळी आहे. फारसीत आलू म्हणजे एक आंबटगोड फळ. बिर्याणीत पडणारा आलूबुखारा तो हाच, बुखाऱ्याचा आलू. मराठी मुसलमानांच्या घरात आलू आणि बाजारात बटाटा असे दोन्ही शब्द चालतात.

युरोपात बटाटा आला खरा, पण हजारो वाणांपैकी मोजकीच आली. आयर्लंडमध्ये तर गरीब कुळांचे सारे जगणे ‘लंपर’ नावाच्या एका वाणावर येऊन थांबले. थोड्या जमिनीत भरपूर पिकणारे वाण म्हणून ते पसरले. अख्ख्या देशातला लंपर म्हणजे बेण्यातून वाढलेले एकच झाड. १८४५ मध्ये करपा रोग आला. ही बुरशीसारखी वाढणारी एक कीड आहे, तिने उभी शेते काही दिवसांत काळी केली. जे एका झाडाला झाले ते सगळ्यांना झाले. पुढच्या काही वर्षांत सुमारे दहा लाख माणसे भूक आणि रोगांनी मेली, तितकीच देश सोडून गेली. या काळातही आयर्लंडमधून धान्य बाहेर जात होते, हे विसरून चालणार नाही. करपा निसर्गाने आणला, पण त्याचा दुष्काळ राजवटीच्या धोरणांनी केला.

या दुष्काळात मदत पाठवणाऱ्यांत उस्मानी सुलतान अब्दुल मजीद पहिले हेही होते. १८४७ मध्ये त्यांनी एक हजार पौंड दिले आणि आयर्लंडमधल्या मान्यवरांनी त्यांना आभाराचे पत्र पाठवले. त्याआधी कलकत्त्यातूनही वर्गणी गोळा होऊन गेली होती. भूक लागलेल्याचा धर्म पाहायचा नसतो, याचे हे एक चांगले उदाहरण आहे.

शेतीच्या इतिहासात मात्र आयर्लंडचा धडा वेगळ्या कारणाने गाजला. एकाच वाणावर विसंबणे किती महाग पडते ते जगाला कळले. करप्याला तोंड देण्याची ताकद कुठे मिळेल, याचा शोध सुरू झाला. ती पुढे मेक्सिकोतल्या एका रानटी बटाट्यात सापडली. खायला निरुपयोगी, पण रोगापुढे न झुकणारा. म्हणजे आज ज्याला कुणी विचारत नाही त्या वाणाची उद्या गरज पडू शकते. कधी आणि कोणत्या, हे आधी कुणालाच सांगता येत नाही.

दुसरी गाठ: लेनिनग्राडचे तळघर

ही गोष्ट सर्वांत खोलवर ज्याला कळली तो माणूस म्हणजे रशियन शास्त्रज्ञ निकोलाय वाविलोव. जगभरातली पिके आणि त्यांचे रानटी नातलग गोळा करायचे काम त्याने हाती घेतले. तो अफगाणिस्तानात गेला, सीरिया-पॅलेस्टाईनमध्ये हिंडला, इथिओपिया, मेक्सिको, पेरू पालथे घातले. त्याच्या सहकाऱ्यांनी १९२० च्या दशकात दक्षिण अमेरिकेतून बटाट्याची शेकडो वाणे आणली. लेनिनग्राडच्या त्याच्या संस्थेत जगातला त्या काळचा सर्वांत मोठा बियाणे-संग्रह उभा राहिला.

पण स्टालिनच्या राज्यात अनुवंशशास्त्र हाच गुन्हा ठरू लागला. १९४० मध्ये वाविलोवला अटक झाली. जगाची भूक मिटावी म्हणून बियाणे गोळा करणारा हा माणूस जानेवारी १९४३ मध्ये सारातोवच्या तुरुंगात उपासमारीने खंगून मेला.

इकडे सप्टेंबर १९४१ मध्ये जर्मन सैन्याने लेनिनग्राडला वेढा घातला. तो ८७२ दिवस चालला आणि शहरातली लाखो माणसे भुकेने मेली. शहराबाहेर पाव्लोव्स्कच्या शेतात संस्थेचा बटाटा लावलेला होता. आघाडी अगदी जवळ येऊन ठेपली असताना अब्राम कामेराझ, ओल्गा वोस्क्रेसेन्स्काया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तोफांच्या माऱ्यात ते कंद खणून काढले, शहरात आणले आणि तळघरात ठेवले.

मग हिवाळा आला. पारा शून्याच्या कितीतरी खाली गेला. गव्हाचे, भाताचे दाणे थंडीत टिकतात, पण बटाट्याचा कंद एकदा गोठला की संपला. वादिम लेख्नोविच आणि वोस्क्रेसेन्स्काया यांना ते तळघर ऊबदार ठेवायचे होते. शहरात जळण नव्हते, लोक घरातले सामान जाळून शेकत होते. या दोघांनी मिळेल ती लाकडे, फळकुटे गोळा करून कंदांसाठी शेकोटी पेटती ठेवली. कंदांवर उंदीर आणि चोरांचीही नजर होती. राखणाऱ्यांच्या स्वतःच्या पोटात काही नव्हते आणि हातापाशी टोपल्या भरून बटाटे होते.

त्याच इमारतीत भाताचा अभ्यासक दिमित्री इवानोव भाताच्या पोत्यांमध्ये उपाशी मेला. भुईमुगाचा अभ्यासक अलेक्झांडर श्चुकिन आपल्या टेबलाशी मेला. आणखीही काही सहकारी गेले. संग्रह मात्र त्यांनी खाल्ला नाही. आणि १९४२ चा वसंत आला तेव्हा ते कंद पुन्हा जमिनीत गेले, कारण बटाट्याला थांबता येत नाही.

आपल्याकडे ‘अमानत’ हा शब्द सर्रास वापरला जातो. दुसऱ्याची ठेव आपल्याकडे असेल तर ती जशीच्या तशी परत करायची, तिला हात लावायचा नाही. लेनिनग्राडच्या त्या माणसांनी पुढच्या पिढ्यांची ठेव सांभाळली. त्यातले बरेच जण कोणताही धर्म मानत नसतील, पण अमानत कशी राखायची याचा असा दाखला इतिहासात विरळा.

खडीसाखर आणि चिक्की

अँडीजमध्ये थंडी बटाट्याला मारत होती आणि माणूस त्याचा उपयोग करून घेत होता. लेनिनग्राडमध्ये थंडीपासून त्याला वाचवायला माणसे मरत होती. मग हीच थंडी बटाट्याची राखणदार कशी झाली?

त्यासाठी दोन शोध एकत्र यावे लागले. पहिला शोध रोपे वाढवण्याचा. झाडाचा छोटासा तुकडा बाटलीत, पोषक द्रव्यांवर ठेवून त्यापासून पूर्ण रोप वाढवण्याची कला विसाव्या शतकात विकसित झाली. जळगावच्या केळी उत्पादकांमुळे ‘टिश्यू कल्चर’ हा शब्द आता आपल्या गावागावांत माहीत आहे. १९५५ मध्ये झॉर्झ मोरेल आणि क्लोद मार्तिन या फ्रेंच शास्त्रज्ञांनी दाखवले की, बटाट्याच्या शेंड्याचे अगदी टोक कापून वाढवले तर विषाणूंनी पछाडलेल्या वाणाचेही निरोगी रोप मिळते. पुढे हजारो वाणे काचेच्या नळ्यांत, थंड खोलीत जपली जाऊ लागली. पण तीही जिवंत रोपेच. वर्ष-दोन वर्षांनी प्रत्येक नळीतले रोप कापून नव्या नळीत लावावे लागते. एखादे लेबल चुकले, बुरशी शिरली, वीज गेली, पगार थांबला की सगळे धोक्यात.

दुसरा शोध गोठवण्याचा. १९४९ मध्ये लंडनमध्ये ख्रिस्तोफर पोल्ज आणि सहकाऱ्यांना, बाटलीवरच्या चुकीच्या लेबलमुळे, कळले की ग्लिसरीन मिसळले तर कोंबड्याचे वीर्य गोठवूनही जिवंत राहते. गावच्या जनावरांच्या दवाखान्यात झाकण उघडताच धूर निघणारी नायट्रोजनची टाकी आपण पाहिलेली असते. गायी-म्हशींच्या कृत्रिम रेतनाचा तो सारा व्यवहार या शोधावर उभा आहे. वनस्पतींच्या बाबतीत जपानचे अकिरा साकाई यांनी पायाभूत काम केले. थंडीला सरावलेल्या झाडांच्या डहाळ्या द्रव नायट्रोजनमध्ये बुडवूनही जगतात, हे त्यांनी १९६० मध्ये जगापुढे मांडले.

बटाट्याबाबत सुरुवातीच्या यशस्वी प्रयोगांत एक भारतीय नाव आहे. वाय. पी. एस. बजाज यांनी १९७७ मध्ये बटाट्याचे कोंब आणि डोळे उणे १९६ अंशांत गोठवून त्यातून पुन्हा अंकुर फुटल्याचे प्रसिद्ध केले. पुढच्याच वर्षी इंग्लंडमधून ग्राउट आणि हेनशॉ यांचे शेंड्यांवरचे काम आले.

मूळ अडचण चुन्योवाल्यांना माहीत होती तीच होती, म्हणजे बर्फाचे स्फटिक. त्यावरचा तोडगा स्वयंपाकघरातल्या उदाहरणाने चटकन समजेल. साखरेचे पाणी दाट करून सावकाश ठेवले की खडीसाखर होते, तिचे कोनेदार स्फटिक बनतात. पण पाक कडक करून पटकन थंड केला की चिक्कीचा पारदर्शक, काचेसारखा थर मिळतो, त्यात स्फटिक नसतात. पेशीतल्या पाण्याची खडीसाखर होऊ द्यायची नाही, चिक्की करायची, हेच या तंत्राचे मर्म आहे. साकाई आणि सहकाऱ्यांनी १९९० मध्ये ग्लिसरीन, साखर आणि आणखी दोन रसायनांचे एक दाट द्रावण सांगितले. पेशीतले बरेच पाणी ते बाहेर ओढते आणि उरलेले काचेसारखे घट्ट होते. जर्मनीत बटाट्याचे शेंडे अल्युमिनियमच्या पातळ पट्टीवर थेंबात ठेवून गोठवण्याची युक्ती निघाली. बेल्जियमच्या ल्यूवेनमध्ये बार्ट पानिस यांनी केळीसाठी या दोन्हींचा मेळ घातला आणि तीच रीत बटाट्याकडे परत आली.

तिसरी गाठ: लिमा

१९७१ मध्ये पेरूची राजधानी लिमा इथे आंतरराष्ट्रीय बटाटा केंद्र स्थापन झाले. कुस्कोत जन्मलेले कार्लोस ओचोआ यांच्यासारख्या शास्त्रज्ञांनी आयुष्यभर डोंगरदऱ्या तुडवून गोळा केलेली वाणे तिथे आली. आज तिथे अँडीजच्या चार हजारांहून अधिक देशी वाणांचा सांभाळ होतो आणि त्यांचा फार मोठा भाग द्रव नायट्रोजनमध्येही ठेवलेला आहे.

तिथले काम असे चालते. निरोगी रोपाचा शेंडा सूक्ष्मदर्शकाखाली, धारदार पात्याने काढतात. हात थरथरला तर शेंडा वाया जातो. तो दाट द्रावणात ठराविक मिनिटे ठेवतात. वेळ कमी झाला तर बर्फ मारतो, जास्त झाला तर द्रावणच मारते. मग पट्टीवरच्या थेंबात ठेवून नायट्रोजनमध्ये बुडवतात. त्या तापमानाला पेशीतले सारे व्यवहार थांबतात. शेंडा वाढत नाही, म्हातारा होत नाही आणि त्याला खायलाही लागत नाही. फक्त टाकीतला नायट्रोजन उडून जातो तसा भरत राहावा लागतो.

पण गोठवले की काम संपत नाही. खरी परीक्षा पुढे आहे. प्रत्येक वाणाचे काही शेंडे लगेचच बाहेर काढून साखरेच्या कोमट द्रावणात सैल करतात. मग त्यांना पोषक थरावर, आधी अंधारात ठेवतात. काही दिवस ते मेल्यासारखेच दिसतात. काही तपकिरी पडून खरेच मरतात. काहींच्या टोकाला हळूच हिरवा ठिपका उमटतो. काही आठवड्यांत पान येते, मग मूळ येते आणि नळीत बोटभर रोप उभे राहते. पुरेसे शेंडे असे परत उगवले तरच ते वाण ‘जमा’ झाले असे मानतात, नाहीतर पुन्हा पहिल्यापासून. सगळी वाणे सारखी वागत नाहीत, काही सहज उठतात, काही दाद देत नाहीत. रोप थेट शेंड्यातूनच आले पाहिजे याकडेही लक्ष असते, कारण पेशींच्या वेड्यावाकड्या गोळ्यातून उगवलेले रोप मूळ वाणापासून बदललेले निघू शकते.

ही पद्धत मला फार महत्त्वाची वाटते. ठेव घेतानाच ती परत करून दाखवणारी बँक आपण कुठे पाहिली आहे? गोठवणे हे अर्धेच काम. जे परत उगवता येत नाही ते जपले गेलेच नाही, मग टाकी कितीही महागडी असो.

हलबचा धडा

हे किती खरे आहे ते आपल्या काळात सीरियाने दाखवले. हलब (अलेप्पो) शहराजवळ कोरडवाहू शेतीच्या आंतरराष्ट्रीय संस्थेची बियाणे-बँक होती. गहू, जव, मसूर, हरभरा यांच्या जन्मभूमीतला तो अनमोल संग्रह. इराकच्या शास्त्रज्ञांनी आपल्या अबू गरेबच्या बँकेतली काही बियाणीही १९९६ मध्ये तिथे पाठवून ठेवली होती. २००३ च्या युद्धात अबू गरेबची बँक लुटली गेली, पण हलबची प्रत वाचली. मग हलबवरच युद्ध आले. सुदैवाने तिथल्या शास्त्रज्ञांनी आपल्या बियाण्यांच्या प्रती नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटावरच्या, २००८ मध्ये उघडलेल्या बर्फाळ कोठारात आधीच पाठवल्या होत्या. २०१५ मध्ये त्यांनी त्यातले सुमारे ३८ हजार नमुने परत मागवले. त्या कोठारातून कुणी ठेव परत घेण्याची ती पहिलीच वेळ. लेबनॉन आणि मोरोक्कोच्या मातीत ती बियाणी पेरली, वाढवली आणि नव्या बियाण्यांचा एक वाटा २०१७ मध्ये पुन्हा स्वालबार्डला नेऊन ठेवला.

गव्हाला, जवाला हे जमते, कारण त्यांचा दाणा यूसुफी कोठारातला दाणा आहे. बटाट्याच्या बियाही स्वालबार्डला आहेत, पण त्यातून गुणांचा साठा मिळेल, नेमके वाण मिळणार नाही. त्यासाठी गोठलेला शेंडाच हवा.

आणि तो शेंडा शेवटी कुणाचा, हाही प्रश्न आहे. कुस्कोजवळ पिसाकच्या डोंगरात काही क्वेचुआ गावांनी मिळून ‘बटाट्याचे उद्यान’ उभारले आहे. २००४ मध्ये त्यांनी लिमाच्या केंद्राशी करार केला. त्यांच्या भागातून पूर्वी गोळा केलेली, पुढे शेतातून नाहीशी झालेली वाणे केंद्राने विषाणूमुक्त करून त्यांना परत दिली. शेकडो वाणे आपल्या गावी परतली. तिथले शेतकरी सांगतात, आता हवा तापली आहे, बापजाद्यांच्या जागी बटाटा नीट येत नाही, अधिक उंचावर लावावा लागतो. डोंगर वर निमुळता होत जातो आणि त्यापुढे जागा नाही. प्रयोगशाळेला ठेव का हवी आणि ठेव मातीत परत का यावी, ही दोन्ही उत्तरे त्या डोंगरावर मिळतात.

आपल्या ताटातला बटाटा

आपल्याकडे १९४९ मध्ये पाटण्यात केंद्रीय बटाटा संशोधन संस्था सुरू झाली, १९५६ मध्ये ती शिमल्याला गेली. तिथल्या ‘कुफरी’ वाणांनी देशाला बटाटा पुरवला. १९६८ मध्ये आलेली कुफरी ज्योती करप्याला दाद न देणारी म्हणून नावाजली. पुढे रोगाने रूप बदलले आणि ती ताकद ओसरत गेली. ही शर्यत कधी संपत नाही. आंबेगावच्या सातगाव पठारावरचा शेतकरी दरवर्षी पंजाबातून येणारे बेणे विकत घेऊन खरिपात लावतो. त्या बेण्यामागे कुठल्यातरी नळीतले, कुठल्यातरी टाकीतले एक निरोगी रोप असते. ‘फुलवा’सारखी एकेकाळी घरोघरी माहीत असलेली जुनी देशी वाणे आता बाजारात शोधून सापडत नाहीत.

आपण, विशेषतः आपल्या समाजात, वारसा जपण्याबद्दल पुष्कळ बोलतो. ग्रंथ कपाटात ठेवतो, नावे भिंतीवर लावतो, अंदालूसच्या आठवणी काढतो. बटाट्याचा हा इतिहास सांगतो की, जपणूक म्हणजे कडीकुलपात ठेवणे नव्हे. इब्न अल्-अव्वामचे नाव घेणे सोपे आहे, त्याच्यासारखे मातीत हात घालणे अवघड.

कयामत समोर आली तरी हातातले रोप लावण्याची शिकवण देणारी हदीस आपल्याला ठाऊक आहे. लेनिनग्राडच्या लोकांसाठी ती वेळ खरोखरच आली होती. त्यांनी आधी कंद राखले आणि बर्फ वितळताच ते लावले. लिमातला तंत्रज्ञ पेटीतून पट्टी काढून हिरव्या ठिपक्याची वाट पाहतो, तेव्हा तोही तेच करत असतो. अमानत परत करण्यासाठी असते, आणि वाणाच्या बाबतीत परत करणे म्हणजे पुन्हा उगवून देणे.